लिस्बनला जेवायचं कुठं, कधी आणि कसं

लिस्बनमधल्या आमच्या पहिल्या जेवणाचं बिल आलं, तेव्हा त्यातल्या एका ओळीचा अर्थ कुणालाच लागेना. बाइशा भागातला, फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा रस्ता. त्यावर मांडलेली टेबलं. चार भाषांतला फोटोवाला मेनू. आम्ही चौघं बसतोय तोच वेटरने पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी, लोण्याच्या पुड्या आणि चीजचा एक छोटा गोळा आणून ठेवला. आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसंच असेल, असं समजून आम्ही ते संपवलं, वर ऑलिव्ह पुन्हा मागवले. ती ओळ त्याचीच होती. जेवण बेताचं, मासा कोरडा, आणि बिल मात्र असं की बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रासा या टेकडीवरच्या भागाच्या चढावर, दम खात उभे असताना, एका दारावर चिकटवलेला कागद दिसला. निळ्या पेनाने लिहिलेले पाच पदार्थ आणि पुढे आकडे, एवढंच. आत आठ टेबलं. तिथे आदल्या दिवशीच्या निम्म्या पैशांत चौघं जेवलो आणि बाबा दोन वेळा म्हणाले, ‘उद्या इथेच.’ तेव्हापासून लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: मोठं जेवण दुपारी करा, अशा छोट्या खाणावळीत, म्हणजे ताश्कात करा, आणि दारावरचा तो हाताने लिहिलेला कागद वाचायला शिका. बाकी सगळं त्यापुढचं.

आधी वेळेचं गणित जमवा

दुपारचं जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातनंतर, आणि खरी गर्दी साडेआठ-नऊला. मधल्या वेळात चांगली स्वयंपाकघरं बंद असतात. दुपारी साडेचारला पोटात कावळे ओरडायला लागले आणि समोर एखादी जागा उघडी दिसली, तर ती बहुधा पर्यटकांसाठीच उघडी असते.

ताश्का म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेली छोटी खाणावळ. नवरा बाहेर, बायको आत, किंवा उलट. बऱ्याच ताश्कांत टेबल राखून ठेवत नाहीत. म्हणून एक तर सव्वाबाराला पोहोचा, नाहीतर दोननंतर जा. मधल्या वेळात आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं येतात, आणि त्यांची टेबलं ठरलेली असतात. दोननंतर गेलात तर कागदावरचा एखादा पदार्थ खोडलेला असेल. तो संपला म्हणून खोडलेला असतो; नाव लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लवकर येऊन तोच मागवा.

रविवारी बऱ्याच ताश्का बंद असतात, ऑगस्टमध्ये काही मालक सरळ कुलूप लावून गावी जातात. सोमवारी माशाच्या बाबतीत जरा जपून. रविवारी होड्या जात नाहीत म्हणून जुने लिस्बनकर सोमवारी मासा टाळतात. आमच्याकडे सोमवार तसाही शाकाहाराचाच, त्यामुळे आम्हाला जड गेलं नाही.

जागा निवडायची ती चढ पाहून

1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने लिस्बनचा सखल भाग जमीनदोस्त झाला. राजाचा मंत्री मार्केश द पोंबालने तो नव्याने वसवला तेव्हा रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ काढले. तोच आजचा बाइशा. माझा ढोबळ ठोकताळा असा की रस्ता जितका सरळ आणि सपाट, तितकं जेवण महाग आणि बेचव. दारात उभा राहून ‘माय फ्रेंड’ म्हणत हात धरणारा माणूस दिसला की चालत राहायचं. फोटोवाला मेनू, सहा देशांचे झेंडे, दुपारी तीनलाही ‘किचन ओपन’, या तिन्हींपैकी दोन दिसले तरी पुरे.

आल्फामा या जुन्या भागाच्या गल्ल्या भूकंपातून बऱ्याच वाचल्या, म्हणून अजून वाकड्या आहेत; पण तिथेही आता पर्यटकच जास्त. अजून थोडं वर, ग्रासाकडे चढा. किंवा 28 नंबरच्या ट्रामने दुसऱ्या टोकाला कांपु द ओरीकला जा. हा साध्या लोकांचा, सपाट, शांत भाग आहे (बघा, माझा ठोकताळा इथेच मोडला) आणि त्याच्या मंडईत खाण्याचे गाळेही आहेत. मेट्रोने आल्वालादला गेलात तर पर्यटक जवळपास भेटतच नाहीत.

मंडईचा विषय निघालाच आहे तर काइश दु सोद्रेच्या मेरकादु द रिबैराबद्दल. 2014 पासून तिच्या अर्ध्या भागात ‘टाइम आउट’ या मासिकाचं मोठं खाद्यदालन आहे. गोंगाट, लांबलचक टेबलं, ताट हातात घेऊन जागा शोधणं, सगळं मॉलच्या फूड कोर्टसारखं. पण एका कुटुंबात एक जण शाकाहारी, एकाला मासा, एकाला बर्गर असं असेल तर भांडण मिटवायला याच्यासारखी जागा नाही. एकदा जायला हरकत नाही, रोज नको. सकाळी गेलात तर दुसऱ्या अर्ध्या भागातला खरा बाजार पाहा, भाज्यांचा आणि मासळीचा.

कागद वाचायचा कसा

इथे मराठी माणूस इतर पर्यटकांच्या दोन पावलं पुढे असतो. त्या कागदावर ‘बताता’ लिहिलेलं असतं, तो आपला बटाटा. ‘पांव’ म्हणजे पाव, ‘कोव’ म्हणजे कोबीची जात, ‘अनानाश’ म्हणजे अननस, ‘कझू’ म्हणजे काजू. ही सगळी त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आलेली. चहाला ते ‘शा’ म्हणतात. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘यांना आपलं निम्मं येतंय की.’

बाकीचं निम्मं असं. ‘प्रातु दु दिया’ म्हणजे त्या दिवशीचा पदार्थ. ताजा, स्वस्त आणि लवकर येणारा. साधारण नऊ ते चौदा युरो धरा, आणि एका युरोचे ढोबळ शंभर रुपये. जेवणपत्रिकेला म्हणतात ‘इमेंता’. तिथे ‘मेनू’ म्हणालात तर सूप, मुख्य पदार्थ, पेय आणि कॉफी मिळून ठरावीक किमतीचं ताट, असा अर्थ होऊ शकतो. असं ताट असेल तर ते घ्याच.

सगळ्यात उपयोगाचा शब्द म्हणजे ‘मैया दोझ’, अर्धी प्लेट. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण प्लेट, आणि ती दोघांना सहज पुरते. एकाने एक ‘दोझ’ मागवली की टेबलावर अर्धा परातभर भात, अर्धा परातभर बटाटे आणि त्यावर मासा येतो. पहिल्यांदा आम्ही चार ‘दोझ’ मागवल्या. मालकाने आमच्याकडे पाहिलं, मान हलवली, दोन बोटं दाखवली आणि स्वतःच दोन खोडल्या. असा मालक भेटला की समजायचं, जागा बरोबर आहे.

आत शिरताना दुपारी बारापर्यंत ‘बों दिया’, नंतर ‘बोआ तार्द’ म्हणा. वेटरला बोलवायचं तर ‘फाश फावोर’. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’. स्पॅनिशमधलं ‘ग्रासियास’ मात्र तोंडातून निघू देऊ नका. बेळगावात जाऊन कानडी-मराठीची गल्लत केल्यासारखं होतं.

टेबलावर न मागता आलेलं

पहिल्या दिवशी आम्हाला महागात पडलेली ती ओळ होती ‘कुवेर’. पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज, कधी माशाची पेस्ट, कधी खेकड्याचं सारण. हा काही लबाडीचा प्रकार नाही, तिथली जुनी रीतच आहे. पण मागवलं नाही आणि खाल्लंही नाही, तर त्याचे पैसे लावता येत नाहीत, असा पोर्तुगालचा कायदा आहे. म्हणजे तीनच गोष्टी करायच्या. हवं असेल तर किंमत बघून खा. नको असेल तर लगेच ‘नांव, ओब्रिगादु’ म्हणून परत पाठवा. कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि फक्त पाव हवा असेल तर पाव ठेवून बाकीचं परत द्या. अलेंतेजु भागातला जाड सालीचा पाव आला असेल तर ठेवाच, माशाखालचं तेल पुसायला लागतो.

बिलात खाल्लं नाही ते दिसलं तर शांतपणे दाखवा. ऐकलंच नाही तर ‘लीव्रु द रेक्लामासोइंश’ मागा, म्हणजे तक्रारवही. ती ठेवणं प्रत्येक हॉटेलला बंधनकारक आहे, आणि नुसती मागितली तरी बऱ्याचदा बिल दुरुस्त होतं.

मासे: इथे घाई नको

पोर्तुगीज माणसाचा राष्ट्रीय मासा त्याच्या स्वतःच्या समुद्रातला नाही, ही मला तिथली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. ‘बाकल्याव’ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. तो नॉर्वे, आइसलँडच्या थंड पाण्यातून येतो, पूर्वी न्यूफाउंडलंडपर्यंत जहाजं जायची. दुकानात तो फळ्यांसारखा उभा रचलेला असतो, आणि वास थेट आपल्या सुकटीच्या बाजाराचा. करण्याआधी तो एक-दोन दिवस पाण्यात, पाणी बदलत भिजत घालतात, म्हणून चांगल्या ठिकाणी खारटपणा बेताचा असतो. नवख्याने ‘बाकल्याव आ ब्राश’ने सुरुवात करावी: माशाचे धागे, सळीसारखे तळलेले बटाटे, अंडं, कांदा, वर काळे ऑलिव्ह आणि पार्स्ली. मऊ लागतं, काटे नसतात, लहान मुलंही खातात. ‘पातानिश्काश’ म्हणजे याच माशाची चपटी भजी; सोबत राजम्यासारख्या दाण्यांचा पातळसर भात येतो. गरम भजी आणि गुरगुट्या भात. रत्नागिरीकडच्या आमच्या एका मित्राने यावर दोन प्लेटी संपवल्या आणि मग विचारलं, ‘जेवण कधी येतंय?’

सार्दिन हे जून ते सप्टेंबरचं खाणं. आपल्या पेडव्यांच्याच गोतातला, पण हाताएवढा, कोळशावर अख्खा भाजलेला, फक्त जाड मीठ लावून. थंडीत कुणी ताजा सार्दिन म्हणून देत असेल तर तो बर्फातला. 12 जूनच्या रात्री संत अँथनीची जत्रा असते, तेव्हा आल्फामा आणि मोरारियात दारोदार शेगड्या लागतात आणि सगळी गल्ली धुराने भरते. सार्दिन पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. हाताने सोलायचा, काटा काढून टाकायचा आणि शेवटी चरबीने माखलेला तो पाव खायचा. ‘संत जुआंवच्या दिवसांत सार्दिन पावावर ठिबकतो’ अशी तिथे म्हणच आहे. म्हणजे जूनअखेरीस तो सर्वांत चरबीदार.

आता तिसऱ्या. कोकणी, मालवणी माणसाने लिस्बनला जाऊन ‘अमैझ्वाश आ बुल्यांव पातु’ खाल्लं नाही तर तिकिटाचे पैसे फुकट गेले असं मी म्हणेन. आमच्यासमोर हे ताट आलं तेव्हा झाकण काढताच जो वास आला, तो युरोपातला वाटेना. ऑलिव्हच्या तेलात ठेचलेला लसूण, लिंबू, आणि मूठभर, खरोखर मूठभर, हिरवी कोथिंबीर. उघडलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांत कोथिंबीर अडकलेली. युरोपात फिरताना आठवडाभर कोथिंबीर दिसली नव्हती. पोर्तुगीज मात्र, विशेषतः अलेंतेजुकडचे, ती मुक्त हस्ताने वापरतात. तिखट नाही, खोबरं नाही, पण बायकोने शिंपला उचलून रस ओढला आणि म्हणाली, ‘यात फक्त सोलं नाहीत.’ हा पदार्थ एकोणिसाव्या शतकातल्या बुल्यांव पातु या कवीच्या नावाने ओळखला जातो. कवीचं नाव तिसऱ्यांना देणारं शहर मला तिथेच आवडलं. तो रस पावाने पुसून काढा, कुणी हसणार नाही, कारण शेजारच्या टेबलावरही तेच चाललेलं असतं.

एक सावधगिरी. मोठी कोळंबी, खेकडा, शेवंड आणि काचेच्या पेटीतला ताजा मासा किलोच्या भावाने विकतात. मेनूतला आकडा किलोचा आहे की प्लेटचा हे बघा, आणि करायला देण्याआधी वजन करून किंमत सांगायला लावा. अशा खाण्यासाठी रामिरु हे 1956 पासूनचं नावाजलेलं ठिकाण आहे. तिथे कवचवाले मासे खाऊन झाल्यावर शेवटी गोडाऐवजी बीफचा पाव, ‘प्रेगु’, खायची पद्धत आहे. रांग मोठी असते आणि बिलही. वर्षाकाठी एकदा करायची ती चैन.

शाकाहारी असाल तर

खोटं सांगत नाही, अवघड आहे. ताश्कात ‘मांस नको’ म्हटलं तर मासा आणतात, ‘मासा नको’ म्हटलं तर हॅम असलेलं ऑम्लेट. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सैं कार्न, सैं पैश, सैं शोरीसु’. मांस नको, मासा नको आणि सॉसेजही नको. तो तिसरा शब्द महत्त्वाचा. ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं बटाटा आणि हिरव्या कोबीचं सुंदर सूप असतं, पण त्यात शोरीसुची चकती तरंगत येते, आणि कधी ती सूपमध्येच उकळलेली असते. ‘सोपा द लेगुम्श’, म्हणजे भाज्यांचं घोटलेलं सूप, जास्त सुरक्षित. दोन-तीन युरोत वाडगाभर मिळतं आणि पावाबरोबर अर्धं जेवण होतं.

‘पैशीन्युश द ओर्ता’ शोधा. शब्दशः ‘बागेतले छोटे मासे’, प्रत्यक्षात फरसबीची भजी. पोर्तुगीजांनी ही कल्पना जपानला नेली आणि तिचंच टेम्पुरा झालं, असं मानतात. पिठात अंडं असू शकतं, ते विचारा. टोमॅटोचा पातळ भात, राजम्यासारख्या दाण्यांची उसळ, भाजलेले बटाटे, सॅलड, असं जोड-जोड करून आईने आठ दिवस काढले. चीज मात्र बिनधास्त मागवा. आझैतांव आणि सेर्रा द इश्त्रेला ही दोन चीजं जनावराच्या पोटातल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने नाही, तर काटेरी वनस्पतीच्या फुलाने विरजतात. आतून इतकी मऊ, की वरचं झाकण कापून चमच्याने खायची.

आणि एक हुकमी पत्ता: लुमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर. मोझांबिक 1975 मध्ये स्वतंत्र झाल्यावर तिथले पुष्कळ गुजराती लिस्बनला आले, त्यांच्या समाजाचं हे मंदिर. त्याला लागून शाकाहारी भोजनालय आहे. जाण्याआधी वेळ फोनवर विचारून घ्या. सहाव्या दिवशी आईच्या पानात डाळ-भात आणि रोटी पडली, तेव्हा ती दहा मिनिटं कुणाशी बोलली नाही.

कट्टर शाकाहाऱ्यांनी गोडाबाबतही विचारावं. मठांत जन्मलेल्या पोर्तुगीज मिठाया अंड्याच्या पिवळ्या बलकावर उभ्या आहेत, आणि ‘तोसीन्यु दु सेऊ’ नावाच्या केकमध्ये तर पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. ‘आरोझ दोस’ म्हणजे त्यांची तांदळाची खीर, वर दालचिनीची नक्षी. तीतही बऱ्याचदा बलक घालतात.

कॉफी आणि नाता

लिस्बनमध्ये छोट्या कडक कॉफीला ‘बीका’ म्हणतात. दुधाची हवी तर ‘गालांव’, काचेच्या उंच पेल्यात. चहा हवा तर ‘शा प्रेतु कों लैत’ म्हणा. येतो तो गरम पाणी, पिशवी आणि थंड दूध, तेव्हा अपेक्षा घरी ठेवून जा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर साधारण युरोभरात होते. टेबलावर जास्त, बाहेरच्या फुटपाथवरच्या खुर्चीत आणखी जास्त. शियादु भागातलं ‘आ ब्राझिलैरा’ हे कॉफीघर 1905 चं, दारात कवी पेसोआचा पुतळा. तिथे आत काउंटरवर बीका प्या, पुतळ्याशेजारी फोटो काढा आणि निघा.

‘पश्तेल द नाता’ म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीतलं अंड्याचं कस्टर्ड, वर करपलेले डाग. बेलें भागातलं तिचं दुकान 1837 पासूनचं. 1834 मध्ये मठ बंद झाले, आणि जेरोनिमुश मठाची कृती शेजारच्या दुकानात गेली, असं सांगतात. फक्त तिथल्याच पेस्ट्रीला ‘पश्तेल द बेलें’ म्हणतात, बाकी सगळ्या ‘नाता’. बाहेरची लांब रांग पाहून घाबरू नका. ती बरेचदा नेण्यासाठीची असते. आत निळ्या फरशांच्या एकामागून एक खोल्या आहेत, तिथे टेबल लवकर मिळतं. शियादुतल्या मांतैगारिया या नाताच्या दुकानात नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. ती ऐकू आली की आत शिरायचं. कुठली चांगली यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझं मत मांतैगारियाला, कारण तिथे तोंड पोळलं. नाता गरमच खायची, वर दालचिनी. आईने नेमकी गुरुवारी खाल्ली आणि रात्री कळलं की आत अंडं आहे. ‘परदेशात गुरुवार मोजत नाहीत,’ असा निर्णय तिने स्वतःच दिला.

जेवणानंतर घोटभर काही हवं असेल तर रोसियु चौकाजवळ, सांव दोमिंगुश चर्चसमोर ‘आ झिंझिन्या’ नावाचं 1840 पासूनचं टीचभर दुकान आहे. आंबट चेरीची दारू, छोट्या पेल्यात, उभ्याने. ‘कों एलाश’ म्हणजे चेरीसकट, ‘सैं एलाश’ म्हणजे चेरीविना.

गोव्याचं जेवण, लिस्बनमध्ये

कुठल्याही बेकरीच्या काचेत केकशेजारी ‘शामुसा’ दिसेल. हा आपला समोसाच, गोव्यातून आणि मोझांबिकमधून आलेल्या माणसांबरोबर आलेला. शहरात गोवन जेवणाची छोटी हॉटेलंही आहेत, विशेषतः मोरारियाच्या गल्ल्यांत. शागोती, खेकड्याचं शेकशेक, सोरपोतेल, शेवटी बेबिंका. व्हिंदालू मागवाल तेव्हा लक्षात असू द्या की हा पदार्थ गोल फिरून आलाय: मूळ पोर्तुगीज ‘व्हिन्या दाल्युश’, म्हणजे वाइन-लसणात मुरवलेलं मांस, गोव्यात त्यात वाइनऐवजी व्हिनेगर आलं, मिरची-मसाला आला, आणि परत लिस्बनला आलं तेव्हा पोर्तुगीजांच्या डोळ्यांत पाणी. तिखट ते बेताचं करतात. गोवेकर मालक असेल तर कोंकणीत दोन शब्द बोला आणि तिखट वाढवून घ्या. शेजारच्या मार्तीं मोनीश भागात मसाले, पिठं, लोणची सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं असेल तर दुसऱ्याच दिवशी तिथून पोहे आणा.

फादु, होडी आणि पैसे

फादु म्हणजे लिस्बनचं हुरहूर लावणारं गाणं. फादुच्या रात्री जेवण नाही, गाणं विकत घेतो असं समजा. आल्फामातल्या बहुतेक फादुच्या हॉटेलांत किमान खर्चाची अट असते. आत शिरण्याआधी आकडा विचारा. दिवे मंद झाले की चमच्याचाही आवाज करायचा नाही, वेटरही थबकतो. मोठं जेवण दुपारी झालेलं असेल तर रात्री सूप, चीज आणि वाइनवर भागतं.

एखादी संध्याकाळ काइश दु सोद्रेहून फेरीबोटीने पलीकडे कासील्याशला जा. दहा मिनिटांचा प्रवास, आणि उतरल्यावर लगेच मासे भाजणाऱ्या जागा. तिथून तेजु नदीच्या पलीकडे सगळं लिस्बन टेकड्यांवर पसरलेलं दिसतं.

पैसे देताना: बिल मागितल्याशिवाय येत नाही, ‘आ कोंता, फाश फावोर’ म्हणावं लागतं. कर किमतीतच धरलेला असतो. टिप सक्तीची नाही. ताश्कात सुटे वरचे ठेवतात, मोठ्या हॉटेलात पाच-दहा टक्के. काही छोट्या ताश्कांत फक्त पोर्तुगीज ‘मुल्तिबांकु’ कार्ड चालतं, आपलं चालत नाही, म्हणून खिशात चाळीस-पन्नास युरो रोख ठेवाच.

ग्रासातल्या त्या ताश्कात आम्ही शेवटच्या दुपारीही गेलो. मालकाने नेहमीप्रमाणे टेबलावरच्या कागदी चादरीवरच पेनाने बेरीज मांडली, हातचा एक धरला, एकूण आकड्याभोवती गोल काढला आणि तेवढा कोपरा फाडून बाबांच्या हातात दिला. बाबांनी बेरीज तपासली. चाळीस सेंट कमी लावले होते, ते त्यांनी लक्षात आणून दिले. मालकाने खांदे उडवले आणि आत जाऊन आमच्यासाठी चार बीका काढल्या.